बाग काढायची होती, तेव्हाची गोष्ट
मृग बहारात तेल्यानं डाळिंबाची बाग धरली. फळं तडकली. बाग काढायला जेसीबीही सांगितला होता. बांधावर येणारा जो तो "आम्ही सांगितलं होतं" म्हणून जायचा.

शेजारचे ख्रिस्ती काका रविवारची उपासना आटोपून कात्री घेऊनच आले. 3 दिवस आम्ही डागाच्या 2 इंच खालून फांद्या छाटल्या, कात्री दरवेळी जंतुनाशकात बुडवून. पडलेली फळं वेचून जाळली. 1 टक्का बोर्डो मारला. उपदेश एक नाही.

मीच विचारल्यावर बायबलातल्या बर्णबाचं सांगितलं. त्यानं शेत विकून पैसे गरजूंसाठी दिले. पौलावर कुणी विश्वास ठेवेना, तेव्हा हाच त्याला घेऊन प्रेषितांकडे गेला.

"तू मात्र शेत विकू नको," काका हसले. "झाडांना विश्रांती दे. पुढच्या साली हस्त धरू."

जेसीबीवाल्याला रात्रीच फोन केला, येऊ नको म्हणून.