हात न लावायची ठेव

आमचा धाकटा मुलगा थायलंडात चिआंग माई येथे असतो. तेथीलच एका मुलीशी त्याने संसार मांडला. विवाह झाला की बायकोच्या देशात राहण्याचा हक्क आपोआप मिळतो, अशी आम्हा उभयतांची भाबडी समजूत होती. ती २०२४ साली बेळगावच्या एका बँकेत फिटली.

तेथील नियम असा आहे की, थाई पत्नीच्या परदेशी पतीस वर्षभराचा वास्तव्याचा परवाना हवा असेल, तर त्याने दरमहा ४०,००० बाथांचे उत्पन्न तरी दाखवावे, अथवा थाई बँकेत स्वतःच्या नावे ४,००,००० बाथ ठेवावेत. आणि ही ठेव अर्जापूर्वी निदान दोन महिने अखंड असावी. थाई पुरुषाच्या परदेशी पत्नीस मात्र ही अट नाही. मुलाची मिळकत तेवढी नव्हती, शिल्लक निम्मीच होती. उरलेल्या निम्म्यासाठी आम्ही म्हातारपणाकरिता राखलेली मुदतठेव मोडली.

बँकेतील अर्जात पैसे पाठविण्याचे कारण लिहावयाचे होते. ‘नातलगाचा निर्वाह की भेट?’ कारकुनाने विचारले. ‘भेट’ लिहिले तर पैसे परत कोणत्या तोंडाने मागावेत, असा विचार मनात आला. आम्ही ‘निर्वाह’ लिहिले.

पाचव्या आठवड्यात मुलाचा फोन आला. विहीणबाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. मांडीचे हाड मोडले होते. खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया लगेच होणार होती, पण खर्च मोठा होता. ‘बाबा, खात्यातून काढले, तर दोन महिने पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. तोवर माझी मुदत संपेल. काय करू?’

आम्ही क्षणभरही न थांबता म्हणालो, ‘ठेवीला हात लावू नकोस.’

शस्त्रक्रिया झाली. पैसे कोठून आले, हे आम्ही विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही.

यथाकाल त्याने अर्ज दिला. बँकेचे पत्र, त्याच दिवशी नोंद केलेले पासबुक, घराचा नकाशा, घरातील दोघांची छायाचित्रे, असा सारा जुडगा त्यासोबत होता. अर्ज विचाराधीन असल्याचा शिक्का आधी मिळाला आणि पुढे वर्षाचा परवाना. ती छायाचित्रे त्याने आम्हासही पाठविली. सूनबाईंचा गळा मोकळा होता. लग्नात घातलेली सोन्याची साखळी दिसेना.

बाथ हे तेथे नाण्याचे नाव, तसेच सोन्याच्या वजनाचेही. एक बाथ सोने म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. सूनबाईंची साखळी दोन बाथांची होती. आईचे हाड आणि नवऱ्याचा परवाना, दोन्ही तिने त्या दोन बाथांत सांभाळले होते. आम्ही मात्र आमचे दोन लाख बाथ सांभाळीत बसलो होतो.

परवाना हाती आल्यावर ठेव मोकळी झाली आणि मुलगा आमचे पैसे परत करू लागला. आम्ही त्यास कळविले, ‘आधी सूनबाईंची साखळी आण. उरेल ते खात्यातच राहू दे. पुढल्या वर्षी पुन्हा दाखवावे लागेलच. आम्ही बँकेत निर्वाह असे लिहिले होते. ती चूक झाली. ती भेट समज.’