यादवी कशाने होते?

देशात एक दिवस यादवी होणार आणि ती हिंदू-मुसलमानांतच होणार, असे हल्ली आर्वीत चहाच्या टपरीवर सहज बोलले जाते. बोलणारे दोन्हीकडचे असतात. त्यांना मी सीरिया नाही, नागपूर सांगतो.

१७७२ मध्ये जानोजी भोसले वारले. पोटचा मुलगा नव्हता. त्यांचा भाऊ मुधोजी याचा मुलगा रघूजी याला गादी द्यायची, असे ठरलेले. पण दुसरा भाऊ साबाजी जानोजींच्या विधवा दर्याबाईंच्या पाठिंब्याने पुढे आला आणि दोन फौजा उभ्या राहिल्या. पुण्याचा कौल आधी साबाजीला, राघोबादादांच्या हाती कारभार येताच मुधोजीला. एलिचपूरचा इस्माईलखान मुधोजीच्या बाजूने, निजामाची फौज साबाजीच्या मदतीला. म्हणजे मुसलमान दोन्ही छावण्यांत आणि हिंदूही दोन्ही छावण्यांत! २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगावला साबाजी भावाच्याच हातून मारला गेला.

यात धर्म कुठे होता? बाप एक, भाषा एक, देव एक. वारसाचा निकाल सगळे मानतील अशी जागा उरली नव्हती. पुणे स्वतःच दुभंगलेले होते. शिवाय बाहेरून फौज द्यायला कुणीतरी तयार होतेच.

आपल्याकडचा पहिला फितनाही (हे बोलणे आपल्याला जड जाते) पैगंबरांच्या सोबत्यांमधलाच. ६५६ मध्ये जमलची लढाई झाली ती हजरत उस्मान यांच्या खुनाचा न्याय कोणी आणि कधी करायचा, यावरून.

नुसता वेगळेपणा पुरेसा असता तर आमची आर्वी कधीच पेटायला हवी होती. गाव वसवणारे तेलंगराव वली आपलेच, असे हिंदूही म्हणतात आणि मुसलमानही. दावा दोघांचा, दर्शनालाही दोघे.

श्रीलंकेचे उदाहरण मला जास्त बोचते. १९५६ मध्ये एकट्या सिंहलीला राजभाषा केले, युद्ध पेटले १९८३ मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत तमिळांनी सत्याग्रह केले, करार केले, निवडणुका लढवल्या. करार मोडले गेले, तसतसे तरुण या वाटांवरून उठून गेले. म्हणून टपरीवरच्या गप्पांपेक्षा माझे लक्ष आपल्या पोरांकडे असते. जामीन अडला, भाड्याने घर नाकारले, की ती वकिलाकडे जातात की घरी बसून धुमसतात? आमच्या मोहल्ल्यातली अजून वकिलाकडे जातात. मागच्या महिन्यात त्यांनीच दारोदार फिरून मतदार यादीचे फॉर्म भरून घेतले, आणि तहसीलमध्ये पावतीसाठी दोन तास भांडून ती घेऊनच परतली.