कळमन्याच्या माडीवरचा नाकतोडा

भिवापूरची मिरची असो, काटोल-नरखेडचा संत्रा असो की मौद्याकडचे धान असो, नागपूरच्या बाजाराला निघालेल्या मालाची वाट बहुधा कळमन्याला येऊन थांबते. शहराच्या पूर्वेला, कळमना रेल्वे स्टेशनच्या अंगाला, पंडित जवाहरलाल नेहरू कृषी उत्पन्न बाजार समितीचे हे मोठे आवार आहे. मिरचीच्या दिवसांत तिथे जायला पत्ता विचारावा लागत नाही. पहिली शिंक आली की फाटक जवळ आले असे समजावे. आत लाल गंज्या, पोत्यांच्या थप्प्या, डोक्याला फडके गुंडाळलेले हमाल, आणि हर्रास पुकारणाऱ्याच्या मागे मुठीत मिरची चुरगळत चाललेले व्यापारी. हे चित्र विदर्भातल्या कास्तकाराला मी नव्याने काय सांगावे!

पण वाचकहो, कळमन्याचा आणखी एक भाग आहे आणि तिकडे आपले लक्ष जात नाही. हर्रास झाल्यावर माल काट्यावर चढेपर्यंत आणि पट्टी हातात पडेपर्यंत दोन-तीन तास जातात. हा वेळ आपण चहात आणि भावाला नावे ठेवण्यात घालवतो. तेवढ्यात आवाराबाहेरच्या गल्ल्यांतून एक चक्कर मारावी. टायरवाले, वेल्डिंगवाले, मोटरी भरून देणारे, बेअरिंगवाले, ताडपत्रीवाले, काटे दुरुस्त करणारे अशी सगळी दुरुस्तीची दुनिया तिथे दाटीने वसली आहे. शेतमालाच्या बाजाराला लागून अशी वस्ती आपोआप उभी राहते, कारण माल घेऊन आलेली गाडी कधी ना कधी तिथेच बंद पडते.

गेल्या एप्रिलात भिवापूर भागातल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर मी कळमन्याला गेलो होतो. टेम्पोत मिरचीची पोती होती, आणि पुढे सूनबाईंच्या पायाशी वाळू भरलेली एक बादली होती. वाळूत एक बॅटरी पुरून ठेवलेली होती. सूनबाईंच्या बचत गटाकडे फवारणीचा ड्रोन आहे. बचत गटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना २०२३ साली जाहीर झाली, हे वाचकांना माहीत आहेच. जानेवारीत हरभऱ्यावरची फवारणी आटोपल्यावर त्यांनी बॅटरी पूर्ण भरून, जपून, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवली. एप्रिलात काढून पाहतात तर ती पुरणाच्या पोळीसारखी फुगलेली. नवी घ्यायची तर गटाच्या शिलकीला मोठे भगदाड पडणार होते. त्यामुळे जुनी दुरुस्त होते का, हे विचारायला त्या सासऱ्यासोबत आल्या होत्या.

चौकशी करता करता आम्ही एका इलेक्ट्रॉनिक काटे दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे पोचलो. साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी बॅटरीला हातही न लावता सांगितले, “हे गेली बाई. हिले आता कोनी जिती नाही करत. वाळूतच राहू द्या.” आमचे चेहरे पाहून त्यांना काय वाटले कोण जाणे, म्हणाले, “वर या. कायन गेली ते दाखवतो.”

माडीवरच्या खोलीत लाकडी फळीवर दोन लहान मोटारी होत्या. पांढरा देह, मागे खिळ्यासारखे टोक असलेली जाड रबरी चाके, खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाच्या. या रेडिओवर चालतात. हातातल्या पेटीची कांडी हलवली की तार नसताना गाडी पळते, वळते, थांबते. दोन्हींचे नाव एकच, ‘ग्रासहॉपर’, म्हणजे आपला नाकतोडा. मी जन्मभर ज्याच्यावर फवारणी सांगत आलो, तो इथे कौतुकाने फळीवर बसवला होता! त्याच कारखान्याच्या ‘हॉर्नेट’ म्हणजे गांधीलमाशी आणि ‘फ्रॉग’ म्हणजे बेडूक अशाही गाड्या आहेत.

हा कारखाना जपानच्या तामिया कंपनीचा, शिझुओका गावचा. शिझुओकाचा मुलूख चहासाठी आणि आपल्या संत्र्याच्या कुळातल्या मिकान फळासाठी प्रसिद्ध आहे. कंपनीची सुरुवात १९४६ साली लाकडाच्या धंद्यातून झाली. पुढे ते लाकडी खेळणी-नमुने करू लागले, मग प्लॅस्टिककडे वळले, आणि १९७६ साली त्यांनी विजेवर चालणारी पहिली रेडिओ मोटार काढली. नाकतोडा आला १९८४ साली. बाजारातून गेलेल्या या गाड्यांची मागणी लोकांच्या मनातून गेली नाही, म्हणून २००५ साली कंपनीने त्याच साच्याची गाडी पुन्हा काढली. आमच्या गृहस्थांकडची एक गाडी ऐंशीच्या दशकात त्यांच्या मेहुण्याने कुवेतहून आणलेली आहे. दुसरी पुतण्याने घेतलेली, पुन्हा निघालेल्यांपैकी.

ही गाडी तयार मिळत नाही, सुटे भाग आणि नकाशांची पुस्तिका मिळते. घरी बसून जोडावी लागते. म्हणूनच ती खोलताही येते. जत्रेतले खेळणे बंद पडले की फेकायचे, कारण त्यात स्क्रूच नसतो. मला वाटते, वस्तू विकत घेताना स्क्रू कुठे आहे हे आधी पाहावे. फवारणी पंप घेतानासुद्धा.

त्यांनी जुनी गाडी उलटी करून दाखवली. त्या काळी वेग कमी-जास्त करायला आत एक यांत्रिक फिरकी असे. तांब्याच्या पट्ट्यांवरून तिचा हात सरके, आणि कमी वेगाला उरलेली वीज चिनी मातीच्या खोळीतल्या रोधकात उष्णता होऊन जाई. पट्ट्या काजळत, रोधकाला हात लावला की चटका बसे. नव्या गाडीत त्यांनी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बसवला आहे. त्याने वीज वाचते, आणि फिरकी हलवायला लागणारी छोटी मोटर वाचते. रेडिओही बदलला. जुना २७ मेगाहर्ट्झचा. दोन मुले एकाच स्फटिकावर खेळायला आली की एकाच्या कांडीने दुसऱ्याची गाडी नालीत. आताचा २.४ गिगाहर्ट्झचा, तो आपल्या जोडीदारालाच ओळखतो.

सुधारणा म्हटली की पोरांचा पहिला हात मोटरीला जातो, असे ते म्हणाले. नाकतोड्याला मुळात ३८० नंबरची बारीक मोटर असते. थोड्या फेरफाराने ५४० ची जाड मोटर बसते. पुतण्याने त्याहून पुढे जाऊन बिनब्रशची जोरकस मोटर बसवली. गाडी बाणासारखी सुटली, आणि आठ दिवसांत डिफरन्शियलच्या चक्रांचे दात गेले. “ताकद वाढवाले कोनीबी सांगते साहेब. पन ते ताकद कोनता दात सोसन, हे कोनी इचारत नाही.” आपल्याकडे ट्रॅक्टरच्या डिझेल पंपाचे सील तोडून जोर वाढवणारे काही कमी नाहीत. पुढे क्लच प्लेट जळते तेव्हा कंपनीला शिव्या देतात.

त्यांची स्वतःची रीत उलटी आहे. मोटर मूळचीच ठेवली. चाकांत प्लॅस्टिकचे बुश येतात, ते काढून बॉल बेअरिंग घातले, आत ५ मि.मी., बाहेर ११ मि.मी., जाडी ४ मि.मी. चाक बोटाने फिरवून सोडले तर एखाद्या गिरणीच्या पात्यासारखे फिरतच राहिले. त्याच मोटरीत गाडी हलकी पळते, बॅटरी जास्त टिकते, आणि कळमन्याच्या धुळीने बुश झिजून चाक डुगडुगण्याचा त्रास गेला. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा हीच, असे त्यांचे मत आहे. मलाही ते पटले.

बाकी निगा म्हणजे बायकांच्या स्वयंपाकघरासारखी, रोजची आणि न दिसणारी. धूळ मऊ ब्रशने झाडावी. पेट्रोल किंवा थिनर प्लॅस्टिकजवळ नेऊ नये, ते तडकते. दातांना ग्रीसचा नुसता हात, थापून नाही, कारण ग्रीसला माती चिकटली की ती सहाणेचे काम करते. नायलॉनचे भाग वर्षानुवर्षे कोरडे पडून कडकडीत होतात. ते गरम पाण्यात मुरवले की पाणी पिऊन पुन्हा लवचीक होतात. सगळ्याच प्लॅस्टिकला मात्र हा प्रयोग करू नये. जपानी चौफुली स्क्रूची खाच आपल्या नेहमीच्या पेचकसाला नीट बसत नाही, त्यासाठी वेगळा पेचकस ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवावा. ‘टक्’ असे जाणवले की जुना आटा सापडला, मग सुलटा आवळावा. नाही तर तो दर वेळी नवा आटा पाडतो आणि चार खेपांत भोक मोठे होते. हे शेवटचे मी घरी मिक्सरच्या बुडाला करून पाहिले, अगदी खरे आहे.

एवढ्या वेळात सासरेबुवा कंटाळले होते. “इतकी जुनी चीज हाये तं इकून टाका ना भाऊ, शौकीन लोक पैसे देतात म्हने.” गृहस्थ हसले. जुनी गाडी ते आता पळवत नाहीत, चाळीस वर्षांचे प्लॅस्टिक एका धडकेत जाईल. दोन विटकरांवर टेकवून ठेवतात, म्हणजे चाकांवर भार येऊन रबर एका बाजूने बसत नाही. पळवायची ती नवी. नव्याचे बरेच भाग जुनीला बसतात, म्हणून नवी निघाल्याने जुनीचेही आयुष्य वाढले.

सूनबाईंचे लक्ष मात्र बॅटरीवर होते. जुन्या गाडीची बॅटरी निकेल-कॅडमियमची, १.२ व्होल्टचे सहा सेल, ७.२ व्होल्ट. ती पार उतरवली तरी तक्रार करत नसे. आताची लिथियम पॉलिमर, दोन सेल, ७.४ व्होल्ट, हलकी आणि जोरकस, पण मानी. सेल भरला की ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली गेला की कायमचा बिघडतो. जुनी यांत्रिक फिरकी थांबवत नाही, म्हणून त्या गाडीत ही बॅटरी घालू नये. ड्रोनमध्ये असेच सहा किंवा बारा सेल असतात, जात तीच.

“पन काका, ड्रोन तं सोताच सांभाळते. बॅटरी कमी झाली का खाली उतरते.”

“उडताना सांभाळते बाई. माळ्यावर ठेवल्यावर कोन सांभाळन?”

मग त्यांनी कागदावर लिहून दिले. ठेवणीची बॅटरी भरलेली नको आणि रिकामीही नको. सेलमागे ३.८ व्होल्ट, म्हणजे सहा सेलला २२.८. भरलेली बॅटरी उन्हाळ्यात गरम जागी राहिली की आतल्या द्रवाचा वायू होतो आणि पाकीट फुगते. टिनाखालचा माळा नको, घरातला थंड कोपरा हवा, आणि जवळ कडबा, कापूस, पेट्रोल नको. चार्जिंगला लावून शेतावर जायचे नाही. फुगलेलीला टोचायचे नाही, भरायचेही नाही. फवारणी झाल्यावर गरम बॅटरी थंड झाल्याखेरीज भरायची नाही.

अशी नाजूक गोष्ट कास्तकाराच्या हाती आली कशी, असे काहींना वाटेल. रेडिओचा खेळ आणि शेती यांचे नाते मात्र जुने आहे. निकोला टेस्लाने १८९८ साली न्यूयॉर्कला रेडिओवर चालणारी होडी लोकांना दाखवली. जपानात यामाहाने १९८७ साली भातावर फवारणी करणारे बिनमाणसाचे हेलिकॉप्टर काढले, नाकतोड्यानंतर तीनच वर्षांनी.

हा छंद घ्या, असे मी वाचकांना सांगणार नाही. गाडी, रेडिओ, बॅटरी, चार्जर मिळून बरेच हजार जातात, आणि कास्तकाराच्या घरी त्या पैशाला दहा वाटा असतात. पण नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. भोसल्यांच्या दुसऱ्या रघूजीराजांनी १७८९ साली तो सुरू केला असे सांगतात. पोरे चाकांचे लाकडी नंदी सजवून आणतात. आजाचा नंदी नातू ओढतो. दर वर्षी रंग नवा, शिंगांना बेगड नवी, चाक मोडले तर सुताराकडून चाक नवे. जुने जपायचे आणि चालतेही ठेवायचे, हे आपल्याला जपान्यांकडून शिकायला नको. आमच्या गृहस्थांनी नातवाच्या नंदीलाही बेअरिंग बसवले आहेत. त्यांच्या सौभाग्यवती म्हणाल्या, आता उतारावर नंदी पोराच्या पुढे पळतो आणि पोरगा दोरी धरून मागे!

खाली आलो तोवर मिरची काट्यावर चढायची होती. सूनबाईंनी त्याच गल्लीतून व्होल्ट मोजायचा एक मीटर घेतला. सासऱ्यांनी किंमत ऐकून भुवया चढवल्या, पण पैसे त्यांनीच दिले. परतताना उमरेडच्या अलीकडे चहाला थांबलो, तर बाई टेम्पोचे बॉनेट उघडायला लावून तारा टेकवत होत्या.

“बारा पूर्नांक चार,” त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरने चहाची बशी खाली ठेवली आणि विचारले, “चांगलं का वाईट?”