आहार्य

भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले. त्यांतला ‘आहार्य’, म्हणजे वेषभूषेचा, आम्ही वर्गात एका वाक्यात उरकतो. वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनला निघालेल्या एका माजी विद्यार्थिनीने मात्र विचारले, ‘मॅडम, भूमिका शिक्षिकेची आहे. तुमच्यासारखी साडी नेसू का?’

बारीक रेघांचे कापड कॅमेऱ्यात लहरते, पांढऱ्याशुभ्र कपड्यापुढे सावळा चेहरा काळवंडतो, हे तिला ठाऊक होते. तिचा प्रश्न निराळा होता: वेष पात्राचा असावा की आपला?

मला वाटते, पात्राची सूचना पुरे. एकरंगी साधा कुर्ता, मागे बांधलेले केस. साडीने शिक्षिका दाखवता येते. कुर्त्यात ती व्हावे लागते. आणि ‘तुमच्यासारखी’ या शब्दाने माझी रोजची साडीही मला आहार्यच वाटू लागली आहे.