पोहायला कुठे? मोलगीला!

आमच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर दीड वर्षं एकच फोटो होता. दोन पांढऱ्या कड्यांच्या मधे मूठभर वाळू, आणि तिच्यापुढे असं पाणी की तरंगणाऱ्या माणसाची सावली खाली तळावर पडलेली दिसावी. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेलच्या बाजूला असलेली सुजितों नावाची ही घळ. बीच म्हणावा तर आपल्या सोसायटीच्या पार्किंगएवढा. रात्री साडेनऊला ऑफिसातून येऊन थंड पाण्याची बाटली काढताना आम्ही तिघी त्या फोटोकडे बघायचो आणि म्हणायचो, 'एकदा तरी!'

मग रीतसर प्लॅनिंग सुरू झालं. आमच्यातली एक बँकेत, त्यामुळे एक्सेल शीट तिच्याकडे. शेंगेन व्हिसाची फी 2024 पासून 90 युरो. माणशी. ती भरायची तयारी झाली, तर अपॉइंटमेंटचा स्लॉट मिळेना. स्लॉट दिसला, तर तिघींच्या सुट्ट्या जुळेनात. आणि एके रात्री मला वाचता वाचता कळलं, की 2022 पासून उन्हाळ्याच्या सीझनमध्ये सुजितोंला दिवसाला फक्त 400 माणसं सोडतात, तीही ऑनलाइन बुकिंग करूनच. म्हणजे आधी व्हिसाची अपॉइंटमेंट, मग समुद्राची अपॉइंटमेंट!

हे एवढ्यावर थांबत नाही. इटलीच्या सार्डिनिया बेटावर ला पेलोझा नावाचा बीच आहे. तिथे टॉवेल थेट वाळूवर टाकायला बंदी, खाली चटई हवी. का, तर ओल्या टॉवेलला चिकटून वाळू घरी जाते. त्याच भागात बुदेल्ली बेटावरचा गुलाबी वाळूचा बीच तर 1994 पासून पाय ठेवायलाच बंद. लोकांनी बाटल्या भरभरून वाळू नेली म्हणून.

मी हे सगळं मोठ्याने वाचून दाखवत होते आणि आम्ही हसत होतो. तिसरी रूममेट भाकरी थापत होती. ती मागे न बघता म्हणाली, "टॉवेलने किती वाळू जाणार? आमचा तर अख्खा काठच गेला."

ही रूममेट मोलगीची. (तिचं नाव छापायचं नाही, अशी तिची अट आहे. वडलांनाही कुणी फोन करून त्रास देऊ नये म्हणून.) सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, वय आमच्याएवढंच. दोन वर्षं एकत्र राहूनही मोलगी म्हणजे आमच्यासाठी काय, तर दिवाळीहून येताना ती आणते ते आमचूर आणि भगर. एवढंच. तेव्हा तुम्हालाही माहीत नसेल असं धरून सांगते. नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्याच्या आतलं बाजाराचं गाव. विधानसभेच्या मतदारसंघांच्या यादीत क्रमांक एक कुणाचा? अक्कलकुव्याचा. महाराष्ट्र जिथून मोजायला सुरुवात करतात, तिथलं हे गाव. मोलगीच्या उत्तरेला डोंगर उतरत गेलं की नर्मदा लागते. पलीकडे गुजरात आणि मध्य प्रदेश.

"तुम्हाला कड्यांमधलं निळं पाणीच हवंय ना?" ती म्हणाली. "व्हिसा लागत नाही. चला."

एक्सेल शीटचं नाव बदललं. पण या प्रवासाचं प्लॅनिंग वेगळंच निघालं. गूगलवर 'मोलगी नीअर बाय बीच' टाकून काही मिळत नाही. विचारायचं ते तिच्या बाबांना. त्यांचं मूळ गाव नर्मदेच्या काठावरचं, ते तिथेच वर टेकडीवर राहतात. ही लहानपणापासून शाळेसाठी मोलगीला आत्याकडे. फोन स्पीकरवर टाकला आणि बँकवालीने विचारलं, "काका, पोहायला चांगला बीच कुठला आहे?"

काकांनी दोन क्षण विचार केला असावा. "कोणत्या महिन्यात येता?"

हाच खरा प्रश्न आहे, हे आम्हाला नंतर कळलं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. त्यामुळे तिथला बीच सकाळी जिथे असतो तिथेच संध्याकाळी असतो, आणि लोक वर्षभर आधी बुकिंग करू शकतात. मोलगीखालचं पाणी म्हणजे सरदार सरोवराचा जलाशय. धरण पूर्ण भरलं की पातळी 138.68 मीटर. पाणी खाली उतरत उतरत 110.64 मीटरपर्यंत नेता येतं. हिशेब करा, 28 मीटरचा फरक. नऊ-दहा मजली बिल्डिंग! म्हणजे किनारा डोंगराच्या उतारावर वर्षभर जिन्यासारखा चढ-उतार करत असतो. सप्टेंबरात जिथे पाय भिजतात, तिथून मे महिन्यात पाणी बघायला खाली वाकावं लागतं. आणि मधे जो पट्टा उघडा पडतो, तो वाळूचा नाही, गाळाचा. काही ठिकाणी लोक त्यावर गाळपेर करतात. काही ठिकाणी त्यात गुरं रुततात.

काका म्हणाले, दिवाळीनंतर या. पाणी वर असतं, गाळात उतरावं लागत नाही. आणि मग म्हणाले, "पण पोहायचं काय ते इथे आल्यावर बघू."

शीटमध्ये आणखी एक ओळ वाढली, लाइफ जॅकेट. ती रूममेटने टाकायला लावली. 2019 च्या संक्रांतीला याच नदीत, शेजारच्या धडगाव तालुक्यात, नदीची पूजा करायला निघालेल्या लोकांची बोट उलटली होती. माणसं जास्त झाली होती. लहान मुलंही गेली त्यात. त्या आठवड्यात तिच्या कॉलेजची परीक्षा होती आणि ती हॉस्टेलच्या जिन्यात बसून फोन लावत होती, हे आम्हाला पहिल्यांदाच कळलं. आम्ही चार जॅकेट घेतली. चौथं काकांसाठी. (त्यांनी ते शेवटपर्यंत घातलं नाही. पण बोटीत उशाला घेतलं.)

पुण्याहून रात्रीच्या बसने नंदुरबार. मुंबईहून येणाऱ्यांना सुरत-भुसावळ लाइनची ट्रेन सोयीची. तिथून तळोदा, अक्कलकुवा, आणि मग देवगोईचा घाट. इथे हवा बदलते, अक्षरशः. अक्कलकुव्यात मी जॅकेट काढलं होतं, घाट संपेपर्यंत परत घातलं. याच डोंगरात डाब नावाचं गाव आहे, तिथे डिसेंबर-जानेवारीत दव गोठतं आणि स्ट्रॉबेरी पिकते. महाबळेश्वरवाल्यांनी ऐकून घ्यावं!

मोलगीचा बाजार बघाच. डोंगरातल्या पाड्यांचा माल इथे उतरतो. नवीन भगर, मोहाची सुकी फुलं, चारोळी, आणि आमचूर. आमचूर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे मसाल्याच्या पाकिटातली पूड येते. इथे ते गोण्यांमधून येतं, कैरीच्या वाळलेल्या फोडींच्या रूपात. मे महिन्यात कैऱ्या सोलून, चिरून, खडकावर वाळत घालायचं काम बायका करतात. फोडी जितक्या पांढऱ्या तितका भाव जास्त. आत्याबाईंनी आम्हाला मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढली. सोबत मिरची अशी, की बँकवाली अर्धा तास कुणाशी बोलली नाही.

होळीला येणार असाल तर हे सगळं विसरा आणि जवळच्या काठी गावाची राजवाडी होळी बघा. पण तो वेगळा लेख झाला.

मोलगीपासून पुढे जीप. रस्ता आधी डांबरी, मग नावापुरता डांबरी, मग नुसता रस्ता. एका वळणावर ड्रायव्हरने न सांगता गाडी थांबवली. खाली ते पाणी होतं.

खरं सांगते, फ्रिजवरचा फोटो फिका पडला. दोन्ही बाजूंनी डोंगर थेट पाण्यात उतरलेले, मधेमधे बेटांसारखी टेकडीची टोकं, पाण्याचा रंग वर हिरवा आणि मधोमध गडद निळा. एक माणूस नाही, एक छत्री नाही, एक म्युझिक सिस्टीम नाही. मी आनंदाने किंचाळले. रूममेट शांत उभी होती. ती म्हणाली, "मला पण सुंदरच वाटतं. बाबांसमोर म्हणत नाही."

काका काठावर डुंगी घेऊन थांबले होते. डुंगी म्हणजे इथली लहान होडी. बसल्या बसल्या मी विचारलं, पोहायला कुठे उतरायचं. त्यांनी वल्हं उभं धरून काठापासून हातभर अंतरावर पाण्यात घातलं. अख्खं वल्हं आत गेलं, तळ लागला नाही. हा काठ नाही, हा डोंगराचा उतार आहे. समुद्रासारखं गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या पाण्यात जाणं इथे होतच नाही. एक पाऊल जमिनीवर, दुसरं थेट खोल. बुडालेल्या झाडांचे बुंधे कुठे आहेत ते वरून दिसत नाही. आणि मगर. "दिसते कधी कधी," काका म्हणाले, जसं आपण कुत्र्याबद्दल म्हणू.

काका स्वतः पोहायला शिकले ते याच नदीत, पण ती नदी आता खाली आहे. पाठीला वाळलेला भोपळा बांधून, वाळूत पळत येऊन उडी मारायची. उन्हाळ्यात त्याच वाळूत कलिंगडं लावायची. 1990 च्या दशकात पाणी शेतात आलं, तेव्हा रूममेटचा जन्मही झाला नव्हता. महाराष्ट्रातली 33 गावं या जलाशयाच्या बुडिताची, 9 अक्कलकुव्याची, 24 अक्राणीची. कुणी तळोद्याकडच्या वसाहतींत गेलं, कुणी आपल्याच डोंगरावर वर सरकलं. काका वर सरकले. दुसरं घर बांधलं. 2017 मध्ये धरणाचे दरवाजे बंद करून पूर्ण उंचीपर्यंत पाणी भरायला परवानगी मिळाली, सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं, आणि ते घरही गेलं. आता तिसरं.

रूममेटला पोहता येतं, पण ती शिकली पुण्यात. क्लबच्या पूलमध्ये, महिना फी भरून, क्लोरीनच्या वासात. नर्मदेकाठची मुलगी! तिने वडलांना हे फोनवर सांगितलं नव्हतं. बोटीत सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "चांगलं केलंस."

वाटेत एका वळणावर त्यांनी चिमलखेडीची दिशा दाखवली. तिथल्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांचं नाव तुम्ही वाचलं असेल. 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीने आलिगाट आणि दादर या पाड्यांवरच्या गरोदर बाया आणि लहान मुलं अंगणवाडीत यायची बंद झाली. या बाईंनी मच्छीमाराकडून लहान बोट मागून घेतली आणि आठवड्यातले पाच दिवस, 18 किलोमीटर स्वतः वल्हवत त्यांच्याकडे जायला लागल्या. बाळांची वजनं करायला आणि पोषण आहार द्यायला. तेव्हा त्यांचं वय 27. मी त्या वर्षी घरी बसून डाल्गोना कॉफीचे व्हिडिओ बघत होते. बोटीत मीही थोडा वेळ वल्हं मारून बघितलं. पंधरा मिनिटांत खांदे गेले.

दुपारी एका खाडीच्या तोंडाशी डुंगी लावली. (खाडी म्हटल्यावर आपल्याला ठाणं-वसई आठवते. इथे डोंगरातून येणारा ओढाही खाडीच.) पाणी स्थिर होतं, दोन्हीकडे खडक. काकांनी बराच वेळ नुसतं बघितलं. मग वल्ह्याने पाणी बडवलं, पुन्हा बघितलं. आणि दोर काढला. आम्हा दोघींना सरळ नाही म्हणाले. आम्हीही हट्ट केला नाही, वल्ह्याचा तो प्रकार डोळ्यांपुढे होता. दोर रूममेटच्या जॅकेटला बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला.

ती उतरली. फार लांब नाही, वीस-पंचवीस फूट. पूलमध्ये शिकवतात तसे नीटनेटके हात मारत गेली, मग थांबली आणि पाठीवर तरंगत राहिली. कुणी फोटो काढला नाही. बँकवालीच्या हातात फोन होता, पण तिने काढला नाही.

"वर कोमट आहे," ती ओरडली. "पायाशी एकदम गार."

"तळ लागतो का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"नाही लागणार," ते म्हणाले आणि दोर हळूहळू ओढायला लागले.

तुम्ही जाणार असाल, तर दोन-तीन गोष्टी. एकट्याने काठावर उतरून पाण्यात शिरू नका. लाइफगार्ड नाही, बोर्ड नाही, जवळपास हॉस्पिटल नाही. बोट ठरवाल तर माणसं मोजून बसा आणि जॅकेट आपलं आपलं न्या. मोलगीच्या पुढे नेटवर्कचा भरवसा धरू नका, पैसे रोख ठेवा. राहायची सोय ओळखीने आधी करून ठेवा. नोव्हेंबर ते जानेवारी उत्तम, रात्री स्वेटर लागतोच. आणि काठावर भेटेल त्याला 'इथे बीच कुठला' असं आमच्यासारखं विचारू नका, आधी 'पाणी कुठवर आलंय' ते विचारा. त्याचं उत्तर तिथे प्रत्येकाला तोंडपाठ असतं.

फ्रिजवर अजून सुजितोंच आहे. बँकवालीला तो स्लॉट कधीतरी मिळेल, तेव्हा जाऊच. पण निघताना काकांनी आम्हाला मे महिन्याचं आमंत्रण दिलं. तेव्हा पाणी उतरतं. पहिलं घर कधीच दिसत नाही, ते फार खाली आहे. दुसऱ्या घराचा ओटा मात्र गाळातून वर येतो, आणि त्यावर आमचूर छान वाळतं. रजेचे अर्ज टाकलेत. माझ्या दोन्ही रूममेटनी, म्हणजे. मला फ्रीलान्सरला कोण रजा देणार?