सत्तर अक्षरांची मराठी

मोजके बोलावे, असे वडीलधारी मंडळी आपल्याला सांगत आली आहेत. ते शहाणपण होते की नाइलाज, अशी शंका मला हल्ली येऊ लागली आहे. आमच्या घरात तरी मोजक्या बोलण्याचा संस्कार कुणा संताने नव्हे, तारघराने केला.

आजोबा इथे लासलगावात एका कांदा व्यापाऱ्याच्या पेढीवर दिवाणजी होते. तारेला शब्दागणिक पैसे पडत आणि पत्त्यातले शब्दही हिशेबात धरले जात. म्हणून मोठ्या पेढ्या तारेपुरता एका शब्दाचा पत्ता नोंदवून घेत. सणासमारंभाच्या शुभेच्छांना तर तारखात्याने क्रमांकच देऊन ठेवले होते. आकडा लिहून दिला, की पलीकडे अख्खे वाक्य उमटायचे! आजोबांच्या हाताला हे वळण इतके पडले, की घरच्या पत्रांतूनही ते क्रियापदे गाळू लागले. ‘पाऊस बरा. म्हैस व्याली. पैसे मिळाले.’ आजी म्हणायची, यांचे पत्र वाचायला बसावे तर बसायच्या आत संपते.

पुढे वडिलांच्या उमेदीत एस.टी.डी.चे बूथ आले. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून गप्पांचे फोन सगळे मध्यरात्रीचे. मग मोबाइल आला. सुरुवातीला त्यावर येणाऱ्या फोनलाही पैसे मोजावे लागत. ते २००३ साली थांबले, आणि मिस्ड कॉलला खरा बहर आला. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे तू फोन कर. तार मात्र जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. आजोबांची ती त्रोटक भाषाही तारेबरोबरच गेली, असे आम्हांला वाटले होते.

ती परत आली २०२२ साली, दादा दुबईला नोकरीला गेला तेव्हा. आमच्या गावातला कांदा न्हावाशेव्याहून जहाजाने जेबेल अली बंदरात उतरतो. दादा विमानाने गेला, एवढाच काय तो फरक. कांद्याला मात्र पोहोचल्याची खबर आईला द्यावी लागत नाही. दादाने विमानतळावर उतरताच आपल्या इथल्याच नंबरवरून एसएमएस केला. परदेशात गेल्यावर अशा एका संदेशाला चहा-वड्याचे पैसे पडतात, म्हणून एकच केला, आणि तो केला इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून.

आई चौथी शिकलेली. रोजचे वर्तमानपत्र ती पहिल्या पानापासून वाचते, हरिपाठ तर पुस्तकाशिवाय म्हणते. पण इंग्रजी अक्षर तिला येत नाही. मी कॉलेजात, वडील मार्केटात. फोन हातात घेऊन ती दुपारभर बसून राहिली. शेवटी शेजारचा पाचवीतला मुलगा आला आणि त्याने मोठ्याने वाचले, ‘फोनची वात पाहू नका.’ आईला वाटले, पोराला काही भाजले-बिजले की काय! इंग्रजी लिपीत वाट आणि वात सारखीच, काल आणि काळही सारखाच. मी घरी येईपर्यंत तिच्या जिवात जीव नव्हता.

रात्री मी दादाला विचारले, देवनागरीत का नाही लिहिलेस? त्याचे उत्तर आले, ‘दुप्पट पडते.’ मला ते खरे वाटेना, म्हणून शोध घेतला. तर ते खरेच निघाले.

एसएमएसची मर्यादा १६० अक्षरांची. १९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाच्या जर्मन अभियंत्याने टाइपरायटरवर निरनिराळी वाक्ये लिहून पाहिली आणि एवढ्यात माणसाचे म्हणणे बहुधा मावते, असे ठरवले. पण ही १६० अक्षरे रोमन लिपीची. संदेशाची पिशवी १४० बाइटची. रोमन अक्षर त्यात थोडी जागा घेते, देवनागरी अक्षर दुपटीहून जास्त. लासलगावच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गोणी तीच, गोलटी भरली तर नग पुष्कळ बसतात, मोठा कांदा भरला तर कमी. देवनागरीची सत्तरच बसतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, सगळे वेगळे मोजतात. नुसता ‘श्री’ लिहिला की चार गेली! इंग्रजी मजकुरात एक देवनागरी अक्षर घुसले, तरी सबंध संदेशाला सत्तरचाच नियम. कुणी मुद्दाम मराठीचा घात केला असे मी म्हणणार नाही. पण मोजमाप ठरवताना आमची आई कुणाच्या डोळ्यांपुढे नव्हती, हे नक्की.

दादाने मग आजोबांची वाट धरली. पुढचा संदेश देवनागरीत आला: ‘पोचलो. खोली बरी. जेवलो. काळजी नको. रविवारी फोन.’ मी काना-मात्रेसकट मोजले, सत्तेचाळीस भरले. आईने तो स्वतः वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाली, ‘हा तर मामंजींच्या वळणावर गेला.’

आठवडाभरात त्याची घडी बसली. तिथले सिमकार्ड घेतले, जुन्याचे डेटा रोमिंग बंद केले. जुने ठेवले ते बँकेच्या ओटीपीसाठी, कारण आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. बाकी सारे खोलीवरच्या वायफायवर. (युरोपीय संघाने आपल्या देशांपुरते हे रोमिंगचे जादा पैसे जून २०१७ मध्येच काढून टाकले. तिकडचा माणूस परक्या देशात जातो तो आपण येवल्याहून मनमाडला जावे तसा.) व्हॉट्सॲपवर अक्षरे कुणी मोजत नाही, तेव्हा दादा आता देवनागरीत हवे तेवढे लिहितो. मौज अशी, की तिथे व्हॉट्सॲपचा मजकूर जातो, पण त्यावरून फोन लागत नाही. त्या देशाने तशी बंदीच घातली आहे. म्हणून आवाज भरून पाठवायचा.

आईला ते जमायला महिना लागला. पहिल्या-पहिल्यांदा ती बटण दाबून एवढेच म्हणे, ‘बरे आहोत. जेव वेळेवर,’ आणि घाईघाईने बोट उचले. आता चार-चार मिनिटे बोलते. उन्हाळ कांदा चाळीत किती राहिला, लिलावात आज काय निघाला, कुणाचे लग्न ठरले, सगळे सांगते. परवा मध्येच थांबून तिने मला विचारले, ‘हे चालूच आहे का गं? पैसे तर नाही ना पडत?’ तेही त्यात भरले गेले आणि दुबईला पोहोचले. दादाचे उत्तर आले, देवनागरीत, एकाच शब्दाचे: ‘बोल.’