काउंटरवर कुणाला बसवायचं

कमवा-शिका योजनेत तासावर मानधन घेऊन शिकणाऱ्या मुलांकडून काम करून घेणं अवघड नसतं. घरी ढेकळं फोडलेली, धारा काढलेली पोरं ती; सांगितलेल्या कामाला नाही म्हणत नाहीत. अवघड आहे ते कुणाला कुठं बसवायचं हे ठरवणं. कॉलेजच्या ग्रंथालयाला एक दर्शनी भाग असतो आणि एक मागचा. पुढं देवघेवीचं काउंटर, वाचनकक्ष, नियतकालिकं. मागं बांधणीला काढलेली पुस्तकं, जुन्या अंकांचे गठ्ठे, दाखल नोंदवह्यांची खोली. पुढं बसवलं तर वर्गातली सगळी मुलं बघतात की हा इथं कामाला आहे. मागं बसवलं तर कुणी बघत नाही, पण मग आपणच त्याला लपवल्यासारखं होतं. नोकरीची सगळी वर्षं मी या एका प्रश्नाभोवती फिरले. निवृत्ती तोंडावर आली तरी फिरतेच आहे.

आता हे लिहायला बसले त्याचं कारण माझे डोळे. साखरेच्या आजारानं डोळ्यांचा पडदा धरला. खालच्या फळीवरच्या पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे मला वाचता येईनात, म्हणून कपाटांची फेरी आणि मुलांच्या कामाची वाटणी मी तिसऱ्या वर्षाच्या एका मुलीकडे सोपवली. तीही कमवा-शिकाचीच. तिनं पहिल्याच आठवड्यात माझी घडी मोडली. ज्यांना मी जपून मागच्या खोलीत ठेवलं होतं, त्यांना तिनं पाळीपाळीनं काउंटरवर आणलं.

आमचं कॉलेज बारामतीचं. बाहेरच्या माणसाला बारामती म्हटलं की ऊस, कारखाने आणि पैसा दिसतो. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, ही नावं त्याला पाठ असतात. नीरा डाव्या कालव्याखालचं हिरवं रान तो एसटीच्या खिडकीतून बघतो. पण याच तालुक्यात सुपे, मोरगाव, लोणी भापकरचा जिरायत पट्टा आहे, जिथं उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. इंदापूरकडं उजनीच्या पाण्यानं जुनी गावं गिळली. त्या काठावर कुणाच्या डाळिंबाच्या बागा आहेत, तर कुणाचा बाप पहाटे होडी घेऊन मासे धरायला जातो. ही सगळी मुलं एकाच वर्गात, एकाच बाकावर बसतात. एकाला घरची मोटरसायकल असते, दुसऱ्याचं लक्ष शेवटच्या एसटीकडे असतं. माझ्याकडे अर्ज घेऊन येतो तो दुसरा. आणि पुस्तक न्यायला काउंटरवर येतो तो पहिला. माझ्या प्रश्नाची गाठ इथं आहे.

आमच्या विद्यापीठाच्या योजनेला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. अर्जावर ते नाव वाचताना दर वर्षी माझ्या मनात साताऱ्याचं बोर्डिंग येतं. १९२४ साली भाऊरावांनी, म्हणजे अण्णांनी, तिथं वसतिगृह काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली आणि एकत्र राबली. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही स्वावलंबनाच्या पायावर. आम्ही व्याख्यानांतून अण्णांचं श्रममूल्य सांगतो, पण तिथल्या मुलाला श्रमाची लाज का वाटत नव्हती, याचं साधं कारण सांगत नाही. त्याच्या शेजारचाही राबत होता. बघणारा आणि राबणारा अशी दोन माणसं तिथं नव्हतीच.

आमच्याकडची गोष्ट निराळी आहे. बारामतीत १९६२ साली तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय झालं, १९७२ साली विद्या प्रतिष्ठान उभं राहिलं. कॉलेज दाराशी आलं, मुली शिकायला लागल्या, हे फार मोठं काम झालं. पण दाराशी आलेल्या कॉलेजात मुलं दिवसापुरती येतात. संध्याकाळी जो तो आपापल्या घरी, आपापल्या परिस्थितीत परत जातो. एकत्र राहणं राहिलं, एकत्र राबणंही राहिलं. योजना तीच, नावही तेच. पण शंभरातल्या चौघांनीच झाडू धरला की झाडू ही त्या चौघांची खूण होते. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचं कॉलेज आहे, १८५५ सालचं. तिथं शिकवणी शुल्क घेत नाहीत आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास काम करावंच लागतं. त्याबद्दल वाचलं तेव्हा मला अण्णांचं बोर्डिंगच आठवलं. प्रत्येकाला काम, ही एवढीच अट, पण तिच्यावाचून बाकी सगळं लंगडं पडतं.

आणि आम्ही काय करतो? काही महाविद्यालयांत कमवा-शिका म्हणजे बागेला पाणी आणि मैदानावरचं गवत, वर्षानुवर्षं तेच. केबिनबाहेर स्टुलावर मुलगा बसवून त्याच्याकडून पाहुण्यांना चहा देववताना मी पाहिलं आहे. बी.एस्सी.च्या मुलाला तासामागं मानधन देऊन चहा वाटायला लावणं याला मी ही योजना म्हणायला तयार नाही. कुठं कुठं मुलगा येवो न येवो, तास तेवढे भरले जातात; ते तर त्याला फुकट पैसे घ्यायला शिकवणं झालं. आता दारावर यंत्रं आली, पुस्तक स्वतःच नोंदवून न्यायची सोय आली. मला यंत्राचं वावडं नाही. पण यंत्र आलं की आधी मुलाचं काउंटर जातं आणि त्याच्या वाट्याला फडकं उरतं, हे मला दिसतं.

त्या मुलीबद्दल सांगते. जिरायत भागातली. पहिल्या वर्षी आली तेव्हा मी तिला शेतीच्या कपाटावर लावलं. तिनं ६३३.६१ हा वर्गांक आधी लावला आणि ६३३.१७४ नंतर. नवीन मूल हमखास तसंच लावतं. एकसष्टापेक्षा एकशे चौऱ्याहत्तर मोठे, हा शाळेपासूनचा हिशेब. मी काही बोलले नाही, दोन्ही पुस्तकं काढून तिच्या हातात ठेवली. एक उसाचं, एक ज्वारीचं. तिनं पाठीवरच्या चिठ्ठ्या बोटानं एकेक आकडा चाचपत वाचल्या, बिंदूनंतरच्या पहिल्या आकड्यावर थांबली आणि म्हणाली, “मॅडम, ज्वारी उसाच्या आधी.” त्यानंतर तिचं कपाट मला तपासावं लागलं नाही. 

मग एक दिवस तिनं स्वतःच विचारलं, “मॅडम, मी काउंटरला बसू का?” मी म्हटलं, तुझ्या वर्गातली मुलं येतील. ती म्हणाली, “येऊ द्या की. मी काय चोरी करतीय का?” आली मुलं. एक मैत्रीण जरा मोठ्यानंच म्हणाली, “अगं, तू इथं कामाला?” हिनं मान वर न करता पुस्तकाची चिठ्ठी बघितली आणि सांगितलं, “हो. तुझी तारीख उलटलीय, दंड भरावा लागेल.” मैत्रिणीनं मुकाट्यानं पर्स उघडली. काउंटरला अधिकार असतो. मागच्या खोलीत लाज नसते, तसा अधिकारही नसतो.

एवढ्यानं प्रश्न सुटला असता तर बरं झालं असतं. पण त्याच काउंटरवर एक मुलगा बसला होता, इंदापूर तालुक्यातला, अबोल. त्याला वर्गात ‘ए लायब्ररी’ म्हणून हाका मारायला लागले. तो काही बोलला नाही, फक्त यायचा थांबला. नंतर कळलं की एमआयडीसीत रात्रपाळीला लागलाय. तिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. दिवसा वर्गात पेंगायचा, पण हाका थांबल्या होत्या. त्याला मागं बसवायला हवं होतं, असंही मला म्हणवत नाही. मागं बसून तो तीन वर्षं मान खाली घालून राहिला असता. या दोघांना एकच नियम लावता येत नाही, आणि कुणाचा पिंड कसा आहे हे अर्जावर लिहिलेलं नसतं. ते चालण्यावरून, आवाजावरून, डबा कुठं बसून खातो त्यावरून हेरावं लागतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मागच्या खोलीतल्या मुलांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल एक कृतज्ञता असायची. मॅडमनी आपल्याला झाकलं, ही. ती मला आवडायची. त्यांतला कुणी तलाठी होऊन, कुणी फौजदार होऊन परत यायचा आणि चारचौघांत पायाला हात लावायचा, तेव्हा माझी मान ताठ व्हायची. स्टाफरूममध्ये मी त्यांना ‘माझी पोरं’ म्हणते आणि ते ऐकायला आजूबाजूला कुणी आहे का, हेही बघते. या मुलीनं वाटणी बदलली त्या आठवड्यात मला जे लागलं, ते मुलांच्या काळजीनं लागलं नव्हतं. माझ्यावाचून काउंटर चाललं, त्याचं ते होतं. काउंटरवर बसलेलं मूल माझे आभार मानत नाही. ते कामात असतं.

माझ्या जागी जे कुणी येतील त्यांना, आणि जिथं जिथं ही योजना चालते तिथल्या प्राचार्यांना माझी विनंती आहे. मानधन गरजू मुलांनाच द्या, त्यात वाटेकरी आणू नका. पण काम सगळ्यांना द्या. ज्याला पैशाची गरज नाही त्या मुलालाही महिन्यातून एक दिवस कपाट लावायला, काउंटरवर बसायला, फरशी पुसायला बोलवा, आणि ते शिकवायला कमवा-शिकाचं मूल नेमा. आपल्या आवारात हे करायला शासनाचा आदेश लागत नाही, निधी लागत नाही. येत्या जूनपासून सुरू करता येईल.